इंग्रजी भाषकाचे इटालियन उच्चारण : अडचणींचे स्वरूप आणि अध्यापनाचा क्रम

प्रस्तावना

परकीय भाषेच्या अध्ययनात उच्चारणाचा विचार सामान्यतः 'नवे ध्वनी आत्मसात करणे' या अंगाने केला जातो. आपल्या भाषेत नसलेले ध्वनी कोणते याची यादी करावी, त्यांचा सराव करावा, म्हणजे उच्चारण साधले, अशी समजूत असते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीने इटालियन भाषा शिकू लागावे, तर ही समजूत अपुरी ठरते. इंग्रजी भाषकाला सर्वस्वी अपरिचित असे ध्वनी इटालियनमध्ये मोजकेच आहेत. दोन्ही भाषांची लिपी रोमन आहे. 'पियानो', 'ऑपेरा', 'स्टुडिओ', 'पास्ता' असे अनेक इटालियन शब्द इंग्रजीत रुळलेले आहेत. तरीही इंग्रजी भाषकाचे इटालियन पहिल्या दोन वाक्यांतच ओळखू येते आणि अनेकदा त्याचा अर्थही निसटतो.

याचे कारण अपरिचयात नसून परिचयात आहे. ओळखीची अक्षरे दिसताच इंग्रजी भाषक आपल्या भाषेच्या सवयी त्यांच्यावर लादतो. म्हणून इटालियन उच्चारणाचा प्रश्न नवे शिकण्याइतकाच जुने थांबवण्याचा आहे. प्रस्तुत लेखात या सवयींचे स्वरूप स्पष्ट करून, त्यांच्या महत्त्वानुसार अध्यापनाचा क्रम कसा असावा याचे विवेचन केले आहे.

इटालियन उच्चार देवनागरीत दाखवताना पुढील संकेत पाळले आहेत. 'च' हा 'चार' या शब्दातल्याप्रमाणे आणि 'ज' हा 'जय' या शब्दातल्याप्रमाणे वाचावा. 'चमचा' या शब्दातील दंत्य 'च'सारख्या ध्वनीसाठी 'त्स' आणि 'जग' या शब्दातील 'ज'सारख्या ध्वनीसाठी 'द्झ' असे लिहिले आहे. रोमन वर्णांचा निर्देश त्यांच्या परिचित इंग्रजी नावांनी केला आहे.

१. एकच लिपी, दोन व्यवस्था

इटालियन वर्णमालेत २१ वर्ण आहेत. 'जे', 'के', 'डब्ल्यू', 'एक्स' आणि 'वाय' हे पाच वर्ण मुख्यतः परभाषेतून आलेल्या शब्दांत व नावांत येतात. लिपी एकच असली तरी दोन भाषांतील लेखन आणि उच्चार यांचे नाते अगदी भिन्न आहे, आणि त्यामागे दोन भाषांचा भिन्न इतिहास आहे.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये छापखाना सुरू केला. पुढे मुद्रणाच्या प्रसाराबरोबर शब्दांचे लेखन स्थिरावत गेले. परंतु याच सुमारास इंग्रजीतील दीर्घ स्वरांत मोठे स्थित्यंतर सुरू झाले होते आणि ते पुढे दोन-अडीच शतके चालू राहिले. लेखन जुन्या उच्चारांचे राहिले, उच्चार मात्र पुढे गेले. त्यामुळे वर्णांची नावेसुद्धा बदलली. इटालियनमध्ये ज्या वर्णांना 'आ', 'ए', 'ई' म्हणतात, त्यांनाच इंग्रजीत अनुक्रमे 'ए', 'ई', 'आय' म्हणतात. नवशिक्या इंग्रजी भाषकाचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

इटालियनची कथा निराळी आहे. चौदाव्या शतकात दान्ते, पेत्रार्का आणि बोक्काच्चो यांच्या लेखनाने फ्लॉरेन्सच्या बोलीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली. पिएत्रो बेंबो याने १५२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पद्यासाठी पेत्रार्का आणि गद्यासाठी बोक्काच्चो यांची भाषा आदर्श मानली. फ्लॉरेन्समधील आक्कादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेचा शब्दकोश १६१२ मध्ये प्रकाशित झाला. मात्र बहुसंख्य लोक आपापल्या प्रादेशिक भाषाच बोलत. इटलीचे राजकीय एकीकरण १८६१ मध्ये झाले, तेव्हा सुमारे २.५ टक्के लोकच इटालियन बोलू शकत होते, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो यांनी आपल्या १९६३ मधील ग्रंथात मांडला. नंतरच्या काही संशोधकांनी हे प्रमाण याहून अधिक मानले असले, तरी इटालियन ही दीर्घकाळ प्रामुख्याने वाचून शिकण्याची भाषा होती, याविषयी दुमत नाही. जी भाषा लेखनातून शिकली जाते, तिचा उच्चार लेखनाला धरून राहतो. इटालियन 'लिहिल्याप्रमाणे वाचली जाते' असे जे म्हणतात, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

२. स्वर : सर्वांत सोपे आणि सर्वांत कठीण

प्रमाण इटालियनमध्ये आघातयुक्त स्थानी सात स्वर आहेत : आ, ई, ऊ, संवृत आणि विवृत असे दोन 'ए', तसेच संवृत आणि विवृत असे दोन 'ओ'. आघातरहित स्थानी हे दोन-दोन भेद उरत नाहीत आणि पाचच स्वर राहतात. इंग्रजीच्या गुंतागुंतीच्या स्वरव्यवस्थेपुढे ही व्यवस्था अतिशय सुटसुटीत आहे. तरीही इंग्रजी भाषकाच्या सर्वांत गंभीर चुका येथेच होतात. त्यांची दोन कारणे आहेत.

पहिले कारण, इंग्रजीत आघातरहित स्वर क्षीण होतो. इंग्रजी बोलण्यात सर्वाधिक वेळा येणारा स्वर म्हणजे 'अ'सारखा अस्पष्ट, उदासीन स्वर होय. 'बनाना' या शब्दात इंग्रजी भाषक मधला स्वर पूर्ण उच्चारतो, पहिला आणि शेवटचा मात्र पुसट करतो. इटालियनमध्ये हाच शब्द 'बानाना' असा आहे आणि त्यातील तीनही 'आ' सारखेच स्पष्ट असतात.

ही बाब केवळ श्रुतिमाधुर्याची नाही. इटालियन नामे व विशेषणे यांची लिंगवचने आणि क्रियापदांचे पुरुष बहुधा शब्दाच्या शेवटच्या, आघातरहित स्वरात असतात. 'रागात्त्सो' म्हणजे मुलगा, 'रागात्त्सा' म्हणजे मुलगी, 'रागात्त्सी' म्हणजे मुलगे आणि 'रागात्त्से' म्हणजे मुली. 'पार्लो' म्हणजे मी बोलतो, 'पार्ली' म्हणजे तू बोलतोस, 'पार्ला' म्हणजे तो किंवा ती बोलते. कर्तावाचक सर्वनाम इटालियनमध्ये अनेकदा गाळले जाते, त्यामुळे बोलणारा कोण हे सांगण्याचे काम त्या एका अंत्य स्वरावर येते. इंग्रजी भाषकाची जीभ जेथे सवयीने सैल पडते, नेमके तेथेच इटालियनचे व्याकरण उभे आहे. अंत्य स्वर पुसट झाला की विद्यार्थ्याने कष्टाने पाठ केलेली रूपावली ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरे कारण, इंग्रजीतील 'ए' आणि 'ओ' हे बहुतेक बोलींत संयुक्त स्वर आहेत. इंग्रजी नकारार्थी 'नो' उच्चारताना ओठ शेवटी 'उ'कडे सरकतात. इटालियन 'नो' उच्चारताना ओठ जागचे हलत नाहीत. 'से' म्हणजे जर आणि 'सेइ' म्हणजे सहा किंवा तू आहेस. 'ले' हे स्त्रीलिंगी अनेकवचनी उपपद, तर 'लेइ' म्हणजे ती. इंग्रजी सवयीने 'से' म्हणणारा नकळत 'सेइ' म्हणून जातो. इंग्रजी भाषक देशांतील संगीतशाळांत गायकांना इटालियन उच्चारणाचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते, त्यात स्वर स्थिर ठेवण्यावर भर असतो. गाण्यात स्वर लांबवला की त्याचे घसरणे लपत नाही. भाषेच्या वर्गातही ही युक्ती उपयोगी पडते : स्वर तीन-चार सेकंद धरून ठेवावा आणि ओठ व हनुवटी हलत नाहीत ना, हे आरशात पाहावे.

३. द्वित्त व्यंजने

इटालियनमध्ये व्यंजनाचे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व अर्थभेदक आहे. 'पाला' म्हणजे फावडे, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'सेते' म्हणजे तहान, 'सेत्ते' म्हणजे सात. 'कारो' म्हणजे प्रिय, 'कार्रो' म्हणजे गाडा. 'कापेल्लो' म्हणजे केस, 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी.

इंग्रजीच्या लेखनातही जोडव्यंजने दिसतात, परंतु तेथे त्यांचा उपयोग बहुधा आधीच्या स्वराचा ऱ्हस्वपणा सुचवण्यापुरता असतो. उच्चारात व्यंजन एकेरीच राहते. त्यामुळे दुहेरी अक्षर डोळ्यांना दिसूनही इंग्रजी भाषक ते एकेरीच वाचतो. वास्तविक दीर्घ व्यंजन त्याला अशक्य नाही. 'ब्लॅक कॅट', 'बॅड डे', 'पेननाइफ' अशा शब्दांच्या सांध्यावर तो ते रोजच उच्चारतो. शिक्षकाने हीच उदाहरणे घेऊन, सांध्यावरचा तो थांबा शब्दाच्या पोटात आणायला शिकवावे.

द्वित्ताबरोबर आधीच्या स्वराची लांबीही बदलते. 'कासा' (घर) मधील पहिला 'आ' लांब, तर 'कास्सा' (पैशांची पेटी) मधील आखूड असतो. काही शब्दांनंतर पुढील शब्दाचे आद्य व्यंजनही दुहेरी होते. 'आ कासा' (घरी) हे तोस्काना, रोम आणि दक्षिण इटलीत 'आक्कासा' असे ऐकू येते. उत्तरेत ही प्रवृत्ती आढळत नाही. 'सोप्रा' आणि 'तुत्तो' यांच्या संयोगातून झालेल्या 'सोप्रात्तुत्तो' (विशेषतः) या शब्दात मात्र हे द्वित्त लेखनातही कायम झाले आहे.

४. आघात

इटालियन शब्दांत आघात बहुधा उपान्त्य अवयवावर, म्हणजे शेवटून दुसऱ्या स्वरावर असतो. परंतु 'तावोलो' (टेबल) यासारख्या अनेक शब्दांत तो त्याही आधी येतो. शेवटच्या स्वरावर आघात असेल तर तो चिन्हाने दाखवणे आवश्यक असते, जसे 'चित्ता' (शहर). इतरत्र, काही एकावयवी शब्द सोडल्यास, चिन्ह सहसा लिहिले जात नाही. 'आंकोरा' या शब्दात आघात पहिल्या स्वरावर असेल तर अर्थ 'नांगर' आणि दुसऱ्या स्वरावर असेल तर 'अजून'. 'पार्लो' मध्ये पहिल्या स्वरावर आघात असता 'मी बोलतो' आणि शेवटच्या स्वरावर असता 'तो बोलला' असा अर्थ होतो. 'कापितानो' हे तर तीन ठिकाणच्या आघातांनी तीन शब्द होते : पहिल्या स्वरावर आघात असता '(गोष्टी) घडतात', तिसऱ्यावर असता 'कप्तान' आणि शेवटच्यावर असता 'त्याने नेतृत्व केले'.

आघात ही कल्पना इंग्रजी भाषकाला परिचित आहे. त्याची अडचण आघाताच्या परिणामाची आहे. इंग्रजीत एका अवयवावर जोर दिला की शेजारचे अवयव आक्रसतात. इटालियनमध्ये ते आपला पूर्ण आकार राखतात. अशा भेदावरून भाषांचे 'आघातनियत' आणि 'अवयवनियत' असे दोन लयवर्ग मानण्याची पद्धत आहे. प्रत्यक्ष मोजणीत हे वर्ग तितके काटेकोर ठरत नाहीत. तरीही वर्गात शिकवण्यापुरती ही कल्पना उपयोगी आहे.

५. लेखनाचे नियम

बहुतेक पाठ्यपुस्तके ज्या नियमांपासून आरंभ करतात, ते येथे मुद्दाम उशिरा घेतले आहेत. हे नियम थोडे आणि नियमित आहेत.

'सी' व 'जी' या वर्णांपुढे 'ई' किंवा 'आय' हा वर्ण आला की उच्चार अनुक्रमे 'च' व 'ज' होतो, अन्यत्र 'क' व 'ग'. त्या दोन स्वरांपूर्वी 'क' किंवा 'ग' हवा असल्यास मध्ये 'एच' घालतात. या 'एच'ला स्वतःचा उच्चार नाही. त्याचे प्रयोजन अनेकवचनात स्पष्ट होते. 'आमीका' (मैत्रीण) चे अनेकवचन 'आमीके' होते. तेथे 'क' टिकवण्यासाठी 'एच' लिहावा लागतो. 'आमीको' (मित्र) चे अनेकवचन मात्र 'आमीची' होते, म्हणून तेथे 'एच' नाही. इंग्रजीत 'सी-एच' ही जोडी सामान्यतः 'च' दर्शवते, त्यामुळे येथे सवय नेमकी उलट दिशेला खेचते.

'एस-सी' या जोडीलाही हाच नियम लागू आहे. 'पेश्शे' (मासा) मध्ये ती 'श' दर्शवते, 'पेस्का' (पीच हे फळ) मध्ये 'स्क', आणि त्याचे अनेकवचन 'पेस्के' लिहिताना मध्ये 'एच' येतो. इंग्रजी भाषकांच्या तोंडी 'ब्रुशेटा' होणारा पदार्थ मुळात 'ब्रुस्केत्ता' आहे, हे याच नियमाने कळते.

'सी' किंवा 'जी' नंतरचा 'आय' पुष्कळदा केवळ खूण म्हणून येतो, तो उच्चारायचा नसतो. 'च्याओ' हे अभिवादन आणि 'जोर्नो' (दिवस) यांत स्वतंत्र 'ई' ऐकू येत नाही. 'जोवान्नी' या नावात तीनच अवयव आहेत. इंग्रजी भाषक त्याचे चार करतो. शब्दारंभीचा 'एच' मूक असल्याने 'आन्नो' (त्यांच्याकडे आहे) आणि 'आन्नो' (वर्ष) हे वेगळे लिहिले जाणारे दोन शब्द ऐकताना एकच वाटतात. 'झेड' हा वर्ण कधी 'त्स' तर कधी 'द्झ' असतो : 'पित्त्सा' मध्ये पहिला, 'मेद्द्झो' (अर्धा) मध्ये दुसरा. यातील कोणता हे लेखनावरून कळत नाही.

६. काही व्यंजने

इटालियन 'त' आणि 'द' दंत्य आहेत. इंग्रजीतील त्यांचे समकक्ष ध्वनी दातांच्या मागील उंचवट्यावर उच्चारले जातात. शिवाय इंग्रजीत शब्दारंभीच्या 'प', 'त', 'क' वर्गातील अघोष व्यंजनांबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो, इटालियनमध्ये तो नसतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून 'पाने' (पाव) हा शब्द म्हणावा. पट्टी जोराने हलल्यास उच्चार अजून इंग्रजी आहे असे समजावे.

इटालियन 'र' जिभेच्या टोकाच्या कंपनाने होतो. अमेरिकन इंग्रजीत 'वॉटर', 'लॅडर' या शब्दांच्या मध्यभागी जिभेचा जो झटपट स्पर्श होतो, तो या 'र'च्या अगदी जवळचा आहे. तेथून आरंभ केल्यास एकेरी 'र' लवकर साधतो. 'जी-एन' ही जोडी 'ञ' दर्शवते, जसे 'लाझाञ्ञा', 'ञोक्की'. 'आय'पूर्वी येणारी 'जी-एल' ही जोडी, थोडे अपवाद वगळता, तालव्य 'ल' दर्शवते. 'फामील्या' (कुटुंब) असे लिहून तिची कल्पना येते, मात्र प्रत्यक्षात जिभेचा मध्यभाग टाळूला पसरून टेकतो आणि 'ल' व 'य' वेगळे ऐकू येत नाहीत. इंग्रजी भाषकासाठी खऱ्या अर्थाने नवे असे ध्वनी हेच. त्यांत थोडी उणीव राहिली तरी परकेपणा जाणवेल, अर्थाची हानी क्वचितच होईल.

७. प्रमाण उच्चार कोणता ?

'पेस्का' या शब्दात विवृत 'ए' असेल तर अर्थ 'पीच' आणि संवृत असेल तर 'मासेमारी'. लेखन दोन्हींचे एकच. ही उणीव दूर करण्यासाठी जान जोर्जो त्रिस्सिनो याने १५२४ मध्ये विवृत-संवृत भेद दाखवण्याकरिता ग्रीक वर्णांचा अंगीकार सुचवला होता, परंतु तो रुजला नाही. इटलीच्या नभोवाणी संस्थेने १९६९ मध्ये लेखन व उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला. दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण ३ जानेवारी १९५४ पासून सुरू झाले आणि प्रमाण भाषा घरोघरी ऐकू येऊ लागली. तरीही मिलानमधील सुशिक्षित व्यक्तीचे 'ए' व 'ओ' फ्लॉरेन्समधील व्यक्तीसारखे नसतात. 'कासा' उत्तरेत 'काझा' असा ऐकू येतो.

येथे एक बाब लक्षणीय आहे. प्रादेशिक भेद मुख्यतः जेथे लिपी मौन बाळगते तेथे टिकून आहेत : दोन 'ए', दोन 'ओ', 'स'-'झ' आणि 'त्स'-'द्झ'. जे भेद इटालियन लोकच आपसांत सर्वत्र सारखे पाळत नाहीत, त्यांचा आग्रह नवशिक्याला आरंभीच धरणे योग्य नव्हे. याउलट अंत्य स्वरांची स्पष्टता प्रमाण भाषेत सर्वत्र अपेक्षित आहे.

८. मराठी विद्यार्थ्याच्या संदर्भात

इंग्रजी माध्यमातील पाठ्यपुस्तकांतून इटालियन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे विवेचन वेगळ्या अर्थाने उपयुक्त आहे. ही पुस्तके इंग्रजी भाषकाच्या अडचणी गृहीत धरून लिहिलेली असतात. मराठी भाषकाला दंत्य 'त-द', अल्पप्राण-महाप्राण भेद, कंपित 'र' आणि 'त्स'-'द्झ'सारखे ध्वनी मातृभाषेतूनच प्राप्त आहेत. 'कला' आणि 'कल्ला', 'दिली' आणि 'दिल्ली' यांतील भेद त्याला समजावून सांगावा लागत नाही. परंतु इंग्रजी लेखनाच्या मार्गाने गेल्यास तो ही अनुकूलता गमावतो. इंग्रजी 'टी' दिसताच 'ट' म्हणण्याच्या सवयीने 'स्पागेत्ती'चे 'स्पॅगेटी' होते.

त्याच्या स्वतःच्या अडचणीही आहेत. इटालियन 'आ'च्या जागी त्याने 'अ' उच्चारता कामा नये. 'व' उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. मराठीत आघात अर्थभेदक नसल्याने 'आंकोरा'सारखे शब्द त्याला प्रयत्नपूर्वक ऐकावे लागतात. देवनागरी ही टिपणासाठी उत्तम सोय आहे, मात्र आघात आणि विवृत-संवृत भेद तिच्यातही दिसत नाहीत, याचे भान ठेवावे लागते.

समारोप

वरील विवेचनावरून अध्यापनाचा पुढील क्रम सुचवता येतो. प्रथम सर्व स्वरांचा, विशेषतः अंत्य स्वरांचा, पूर्ण व स्थिर उच्चार, नंतर द्वित्त व्यंजने, त्यानंतर आघात, मग 'सी', 'जी' इत्यादींचे लेखननियम, पुढे 'र', 'ञ', तालव्य 'ल' यांसारखी व्यंजने, आणि सर्वांत शेवटी विवृत-संवृत भेद. प्रचलित पुस्तके लेखननियमांपासून आरंभ करतात, कारण ते सांगण्यास सोपे आणि परीक्षेत विचारण्यास सोयीचे असतात. परंतु 'ब्रुशेटा' म्हणणाऱ्याची चूक एकदा सांगून सुधारते. 'रागात्त्सो' आणि 'रागात्त्सा' यांचा शेवट एकच करणाऱ्याची चूक प्रत्येक वाक्यात पुन्हा घडते आणि कोणी दाखवून दिल्याशिवाय ती त्याला स्वतःला ऐकूही येत नाही. मातृभाषेने कानाला लावलेले वळण ओळखणे ही कोणत्याही भाषेच्या उच्चारणाची पहिली पायरी आहे. इटालियनच्या बाबतीत ती पायरी शब्दाच्या शेवटच्या स्वरापाशी आहे.